आधी पॅनेल, मग गच्ची: पुण्यातल्या एका जुन्या घराचा नेट झिरो हिशेब

पुण्यात १९८५ ते १९९५ च्या दरम्यान बांधलेले तळमजला अधिक एक मजला असे बंगले आणि रो-हाउस अजून हजारोंनी उभे आहेत. नऊ इंची विटांच्या भिंती, पाच इंची स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर काळी टाकी. इथे घेतलेलं घर अशा घरांचं प्रातिनिधिक उदाहरण आहे. आकडे उपकरणांवरच्या पाट्या, वापराचे तास आणि साध्या गणितातून आले आहेत. अडचणी मात्र अशा घरात हात घातला की भेटतातच, आणि बहुतेक वेळा याच क्रमाने भेटतात.

घरात आजी, नवरा-बायको आणि दोन मुलं अशी पाच माणसं. गच्ची ६५ चौरस मीटर. सिंगल फेज जोडणी. वर्षाचा वीजवापर सुमारे ५,४५० युनिट आणि १४.२ किलोचे आठ सिलिंडर. नेट झिरोची व्याख्या सुरुवातीलाच पक्की केलेली बरी, नाहीतर पुढे ती सोयीने बदलत जाते. इथली व्याख्या अशी: १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात ग्रिडकडून जेवढी युनिट घेतली, निदान तेवढी छतावरच्या सौर पॅनेलमधून परत दिली पाहिजेत, आणि स्वयंपाकाचा गॅसही याच वहीत मांडायचा.

पहिला अडथळा कागदाचा

छतावरच्या सौर यंत्रणेसाठी फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळतं. तीन किलोवॅट आणि त्यापुढे एकूण ७८,००० रुपये, त्याहून जास्त नाही. सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. दहा किलोवॅटपर्यंत वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही आणि मंजूर भारही त्या प्रमाणात वाढवून मिळतो. कागदावर सगळं सोपं आहे.

पण वीजबिल अजून आजोबांच्या नावावर होतं आणि आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. अर्जदार, बिलावरचं नाव आणि अनुदान जमा होणारं बँक खातं ही तिन्ही जुळली नाहीत तर प्रकरण अडकतं. मृत्यूचा दाखला, मिळकतकराची पावती आणि इतर वारसांचं संमतिपत्र गोळा करण्यातच नोव्हेंबर ते जानेवारी गेले. आत्या परगावी, तिची सही पोस्टाने. अशा घरात नावबदलाचा अर्ज सहा महिने आधीच टाकून ठेवावा. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, लागतो तो फक्त वेळ.

हे तीन महिने गेल्याचा परिणाम पुढच्या सगळ्या कामावर झाला. ठरल्याप्रमाणे गच्चीचं काम हिवाळ्यात करून मग पॅनेल बसवायचे होते. आता फेब्रुवारी उजाडला, ठेकेदार मोकळा होता, उन्हाळ्याचं बिल डोळ्यांसमोर होतं. पॅनेल आधी चढले. ५४० वॅटचे सहा, म्हणजे ३.२४ किलोवॅट.

पंखे आणि फ्रिज: इथे फारसं काही बिघडत नाही

सात जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे. दिवसाला सरासरी नऊ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १,४०० च्या वर युनिट होतात. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. वापर ५६५ युनिटवर आला. वीस वर्षांचा फ्रिज रोज पावणेदोन युनिट खात होता, नवा ०.७ खातो. जुना फ्रिज ‘असू दे, थंड पाण्याला’ म्हणून जिन्याखाली चालू ठेवला तर ही बचत शून्य होते. तो त्याच दिवशी भंगारात गेला पाहिजे.

गच्ची: मूळ चूक इथली

पॅनेलचा सांगाडा बसवताना कोब्यात १२ मिलिमीटरचे अँकर बोल्ट ठोकले होते. कोब्यातल्या विटेच्या तुकड्यांत बोल्टला पकड मिळत नाही, म्हणून काही ठिकाणी ड्रिल खाली स्लॅबपर्यंत नेलं. पकड मिळाली, पण पाण्याला वाटही मिळाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या झोपायच्या खोलीत पंख्याच्या हुकापाशी डाग आला.

इथे सगळ्यांची फसगत होते. डाग ज्या ठिकाणी आहे त्याच्या बरोबर वरचं भोक बुजवतात आणि गळती थांबत नाही. कोबा स्पंजासारखा असतो. भोकातून शिरलेलं पाणी कोब्याच्या पोटातून उतारावर सरकतं आणि स्लॅबमध्ये जिथे वायरचा पाइप किंवा पंख्याची पेटी असेल तिथून खाली येतं. भोक आणि डाग यांच्यात तीन-चार मीटरचं अंतर सहज असू शकतं. पावसात केलेले सिलिकॉनचे दोन हात, बोल्टच्या बुडाला लावलेलं काळं डांबर, ताडपत्री, यातलं काहीही टिकलं नाही. टिकणारही नव्हतं, कारण ओल्या कोब्यावर असे लेप धड चिकटत नाहीत.

ऑगस्टपर्यंत घरात एकच चर्चा होती: पॅनेल काढून टाकायचे का? तो पूर्ण माघारीचा मुद्दा होता. निर्णय असा झाला की पॅनेल काढायचेच, पण परत बसवण्यासाठी, आणि मध्ये गच्ची एकदाची नीट करून घ्यायची.

गच्चीचं काम दोन कारणांसाठी हवं होतं. गळती एक आणि उष्णता दुसरं. पाच इंची स्लॅब आणि चार इंची कोबा यांचं यू-मूल्य, म्हणजे दर चौरस मीटरमधून दर अंश फरकाला आत येणारी उष्णता, २.३ वॅटच्या आसपास येतं. घरांसाठीच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये छताला कमाल १.२ ची मर्यादा आहे. मे महिन्यात काळपट गच्चीचा परिणामकारक तापमानफरक ३० अंश धरला तर ६५ चौरस मीटरमधून साडेचार किलोवॅट उष्णता खाली येते. दीड टनाचा एसी जेमतेम सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे एक एसी जवळजवळ नुसत्या छताशी झुंजत होता.

पहिला प्रस्ताव असा होता: कोब्यावर ५० मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड, म्हणजे उष्णता अडवणारा दाट फोम, त्यावर ५० मिलिमीटर काँक्रीटचा थर आणि पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे फरशीचे तुकडे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तो परत पाठवला, आणि ते बरोबर होतं. काँक्रीटचा थर आणि चिप्स मिळून दर चौरस मीटरला १६० ते १७० किलो वजन. वावर असलेल्या गच्चीसाठी स्लॅबला जो वावराचा भार धरतात तोच मुळी १५० किलोच्या आसपास असतो. पस्तीस वर्षांच्या स्लॅबवर एवढा कायमचा बोजा वाढवणं म्हणजे राखीव ताकद खाऊन टाकणं.

तोडगा कोब्यातच होता. जुना चार इंची कोबा स्वतःच १६० ते १८० किलो वजनाचा असतो. तो काढला की तेवढीच जागा वजनाच्या हिशेबात मोकळी होते. पण मग ६५ चौरस मीटरमधून अकरा टनांच्या आसपास राडारोडा उतरवायचा, तोही छिन्नी-हातोड्याने. मोठा ब्रेकर लावला तर खालच्या गिलाव्याला तडे जातात आणि सळईवरचं आवरण सुटतं. कामगारांनी राडा गच्चीच्या मध्यभागी ढीग करून ठेवला तर भार वाटून घेण्याचा सगळा हिशेब फुकट. रोजचा राडा रोज खाली गेला पाहिजे.

नोव्हेंबरमध्ये पॅनेल उतरवले आणि काम पुढीलप्रमाणे झालं. स्लॅब उघडी पडल्यावर तिला आठवडाभर वाळू दिलं. दोन ठिकाणी सळई गंजलेली निघाली. गंज घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरलं. मग सांगाड्यासाठी आठ चौथरे, ३०० बाय ३०० मिलिमीटर, शक्यतो बीमच्या रेषेवर.

चौथरा नुसता वजनावर का ठेवला नाही, याचंही गणित आहे. पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. दाब येतो ०.६ गुणिले ३९ चा वर्ग, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन. सहा पॅनेलचं क्षेत्र साडेपंधरा चौरस मीटर. गुणांक १, म्हणजे हा सगळा दाब पॅनेल वर उचलतो, असं धरलं तरी उचलणारं बल १,४०० किलोच्या वर जातं. पॅनेल आणि सांगाडा मिळून वजन पावणेतीनशे किलो. एक फूट घनाचा काँक्रीटचा ठोकळा ६५ किलोचा. आठ ठोकळे ५२० किलो. पुरत नाही. म्हणून प्रत्येक चौथऱ्यात १० मिलिमीटरच्या चार सळ्या स्लॅबमध्ये ८० मिलिमीटर खोल, रासायनिक चिकटवणीने बसवल्या. स्लॅब १२५ ची आहे, त्यामुळे ड्रिलला ८० वर टेप गुंडाळून खूण करायची. नाहीतर भोक खालच्या खोलीत निघतं. भोक फुंकून, ब्रशने साफ करून मगच चिकटवणी. धूळ राहिली तर सळई हातानेही निघते.

चौथरे झाल्यावर सगळ्या कडांना आणि चौथऱ्यांच्या बुडाला गोलाकार वाटा, म्हणजे कोपऱ्यात मसाल्याची गोलाई, मग काचतंतूच्या जाळीसह पॉलिमर-सिमेंट लेपाचे दोन हात. लेप पॅरापेटवर एक फूट आणि चौथऱ्यावर सहा इंच चढवला. नंतर दोन इंच पाणी तुंबवून ७२ तास वाट पाहिली. ही चाचणी इन्सुलेशन घालायच्या आधी करायची असते. नंतर केली तर गळती सापडते, पण जागा सापडत नाही. पहिल्या चाचणीत पावसाच्या पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी ओल दिसली. लेप तिथे पाइपात वळवून घेतलाच नव्हता. पुन्हा उकरणं, पुन्हा लेप, पुन्हा ७२ तास. मिस्त्री वैतागले होते, पण इथे घाई केली असती तर जूनमध्ये परत तेच.

मग ५० मिलिमीटर एक्सपीएस, सांधे एकाखाली एक न येऊ देता, वर जिओटेक्स्टाइल कापड, जाळी घालून काँक्रीटचा थर १०० ला १ उताराने, दर अडीच मीटरवर सांधा, आणि पांढऱ्या चिप्स. यू-मूल्य २.३ वरून ०.५५ च्या घरात आलं. पांढऱ्या पृष्ठभागामुळे तापमानफरकही निम्मा धरला तर मे महिन्याच्या दुपारी वरून येणारी उष्णता साडेचार किलोवॅटवरून अर्ध्या किलोवॅटवर येते. दोन एसींचा मिळून ९०० युनिटचा हंगामी वापर ५०० पर्यंत उतरतो, एसी न बदलता. बरेच जण नुसता पांढरा रंग मारून थांबतात. स्वस्त उपाय आहे आणि पहिल्या उन्हाळ्यात फरक जाणवतो, पण पावसाळ्यानंतर शेवाळ काळं पडतं आणि दर एक-दोन वर्षांनी रंगकाम लागतं.

गच्ची उघडीच होती, तर टाकीही हलवली. ती दक्षिणेला होती. पुण्याचा अक्षांश १८.५, म्हणून २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो आणि सकाळी साडेनऊला जेमतेम २९ अंशांवर. पॅनेलपेक्षा तीन मीटर उंच असलेल्या टाकीची सावली दुपारी पावणेतीन मीटर, सकाळी जवळजवळ साडेपाच मीटर. फेब्रुवारीत जागा पाहायला आलेल्याला ती सकाळची सावली दिसली नव्हती, कारण तो दुपारी आला होता. एका पॅनेलवर सावली पडली की एकाला एक जोडलेल्या पॅनेलची सगळी माळ बंद पडते असं सांगतात, ते पूर्ण खरं नाही. सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणाऱ्या बायपास डायोडमुळे साधारण त्या पॅनेलचा सावलीतला हिस्सा जातो. पण हिवाळ्यात रोज दोन-तीन तास दोन पॅनेल अर्धवट गेले तर वर्षाच्या वहीत ते दिसतं. टाकी उत्तरेला गेली.

दुपारी बारा वाजता बंद पडणारा इन्व्हर्टर

ही तक्रार पॅनेल बसल्याच्या दुसऱ्याच महिन्यात सुरू झाली होती. ऊन कडक, आकाश स्वच्छ आणि पॅनेलची वीज घराच्या विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरच्या ॲपवर निर्मिती शून्य. कारण: ग्रिड व्होल्टेज जास्त. बहुतेक इन्व्हर्टर २३० व्होल्टच्या ११० टक्के, म्हणजे २५३ व्होल्टच्या आसपास स्वतःला तोडून घेतात. दुपारी वस्तीतला वापर कमी असतो, शेजारच्या छतांवरूनही वीज येत असते आणि डीपीपासून, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या घराला व्होल्टेज वर चढलेलं मिळतं.

आधी आपल्या घरातला दोष वेगळा काढायचा. मीटरपाशी आणि इन्व्हर्टरच्या टोकाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजलं. फरक साडेतीन व्होल्ट. गच्चीपासून मीटरपर्यंत २५ मीटर, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जाऊन-येऊन ५० मीटरचा रोध ०.२५ ओहम, १४ अँपिअर वाहिले की बरोबर साडेतीन व्होल्ट. म्हणजे मीटरवर २५० असताना इन्व्हर्टरला २५३.५ दिसत होते. १० चौरस मिलिमीटरची वायर ओढल्यावर हा फरक दीड व्होल्टवर आला. इन्व्हर्टरची मर्यादा सेटिंगमधून वाढवून देतो म्हणणारे भेटतात. तसं करू नये. घरातला फ्रिज आणि टीव्ही तेच वाढलेलं व्होल्टेज खात असतात.

उरलेलं काम डीपीवरचं. तक्रार ‘इन्व्हर्टर बंद पडतो’ अशी दिली की उत्तर येतं: इन्व्हर्टरवाल्याला विचारा. तीच तक्रार दोन आठवड्यांच्या नोंदींसह, तारीख, वेळ आणि मीटरपाशी मोजलेलं व्होल्टेज लिहून दिली की वायरमन येऊन स्वतः मोजतो. ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे बाहेर जाणारं व्होल्टेज ठरवणारी जोडणी, एक पायरी उतरवला तर साधारण अडीच टक्के, म्हणजे पाच-सहा व्होल्टचा फरक पडतो. पण त्या डीपीवरच्या शेवटच्या घराला संध्याकाळी व्होल्टेज कमी पडत असेल तर टॅप उतरवता येत नाही, हेही समजून घ्यावं लागतं. शेवटचा उपाय आपल्याच हातात असतो: पाण्याचा पंप, कपडे धुणं आणि पाणी तापवणं दुपारी बारा ते तीनमध्ये आणणं. जेवढी वीज घरातच खर्च होते तेवढी बाहेर ढकलावी लागत नाही आणि व्होल्टेज तेवढं कमी चढतं.

दुसरा धक्का वीज गेल्यावर बसला. ‘छतावर सोलर आहे, तरी घरात अंधार?’ ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की बंद होतोच. खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तो तसा बनवलेला असतो. जुना १५० एएचचा बॅटरी-इन्व्हर्टर मात्र चोवीस तास ३० वॅट खात होता, वर्षाला २६० युनिट. त्याच्या जागी फक्त दिवे, पंखे आणि राउटरपुरता छोटा लिथियम संच आला.

पाणी आणि स्वयंपाकघर

दोन गिझर वर्षाला ११५० युनिट घेत होते. बोअरच्या जड पाण्यामुळे सोलर बंबाच्या नळ्यांत क्षार साचतात आणि पावसाळ्यात त्याचा हीटरच चालू राहतो, म्हणून हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा १५० लिटरचा हीट पंप घेतला. रोज सव्वाशे लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला २.९ युनिट उष्णता लागते. हीट पंप तीच उष्णता तिसऱ्या हिश्शाच्या विजेत देतो, टाकीतून निसटणारी उष्णता धरून रोज सुमारे १.२ युनिट. पहिल्या महिन्यात मात्र रोज तीन युनिट लागली. यंत्र ‘ऑटो’वर होतं आणि त्यातला दीड किलोवॅटचा साधा हीटर गुपचूप चालू होत होता. इकॉनॉमी मोड, तापमान ६० ऐवजी ५०, आठवड्यातून एकदा ६० आणि दुपारी बाराचा टायमर लावल्यावर आकडा जागेवर आला.

गॅसचं गणित असं: एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट एवढी उष्णता. शेगडीवर त्यातली ६५ टक्के भांड्याला मिळते, इंडक्शनवर ८५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरला १३५ ते १४० युनिट. सात सिलिंडर बंद करायचे तर ९६० युनिट जास्त लागणार.

पहिल्याच दिवशी कुकर आणि मिक्सर एकत्र लावल्यावर एमसीबी पडला. ओट्यामागे दीड चौरस मिलिमीटरची वायर होती. इंडक्शनसाठी मुख्य पेटीपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी लागला. त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायला लागला. जुन्या घरात कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतात; इथे ते जिन्यातल्या दिव्याच्या पेटीत निघाले.

अॅल्युमिनियमचे कुकर, कढया बाद झाल्या. खरी कुरबुर पोळ्यांवरून झाली. कॉइलचा व्यास १८ सेंटिमीटर, लोखंडी तवा २८ चा. पोळी मध्ये करपते, कडा कच्च्या. मोठ्या कॉइलची शेगडी आणि जाड बुडाचा तवा घेतल्यावर पोळी जमली. भाकरी फुगवायला आणि भरताचं वांगं भाजायला मात्र ज्वाळाच हवी, यावर आजींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. वर्षाला एक सिलिंडर ठेवला.

वही

पहिल्या वर्षाचा निकाल वाईट होता. ३.२४ किलोवॅटकडून ४,५०० युनिटची अपेक्षा; पॅनेल सहा आठवडे उतरवलेले, व्होल्टेजच्या ट्रिप, टाकीची सावली आणि धूळ मिळून ३,३५० वर थांबली. वापर ४,७०० च्या आसपास, कारण इंडक्शन आलं होतं पण गच्ची आणि हीट पंप उशिरा झाले. १,३५० युनिटचा खड्डा. याच टप्प्यावर बहुतेक घरं ‘आणखी दोन पॅनेल टाकू’ म्हणतात. ती वाढ इथे केली नाही, कारण प्रत्येक तुटीचं कारण वहीत सापडत होतं.

दुसऱ्या वर्षी पंखे ५६५, फ्रिज २५५, गरम पाणी ४३०, एसी ५००, दिवे आणि इतर ७००, पंप २००, बॅटरी ११०, स्वयंपाक ९६०. बेरीज ३,७२०. निर्मिती ४,४००, पॅनेल पहिल्या वर्षात थोडे उतरतात ते धरून. धुलाई फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी, ऊन चढण्याआधी, आणि बोअरच्या नव्हे तर पालिकेच्या पाण्याने; बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग धुळीपेक्षा वाईट. उरलेल्या सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड ४३ किलो, ग्रिडचे साधारण ०.७ किलो प्रति युनिट धरले तर ६० युनिट त्यासाठी बाजूला.

शिल्लक ६०० च्या वर. पण ती ३१ मार्चपर्यंतच वहीत राहते, मग कमी दराने विकत घेतली जाते आणि १ एप्रिलला ऐन उन्हाळ्यात पाटी कोरी होते. ऑक्टोबर ते मार्च निर्मिती भरपूर आणि वापर कमी, त्यामुळे साठा नेमका चुकीच्या दिवशी सर्वांत मोठा असतो. म्हणून पेट्रोलची स्कूटर विकून विजेवरची घेतली. वर्षाला सहा हजार किलोमीटरला सुमारे २०० युनिट, चार्जिंग दुपारी जमेल तसं. युनिट शून्य झाली तरी स्थिर आकार बिलावर येतोच. ‘बिल शून्य’ असं सांगून कोणी पॅनेल विकत असेल तर त्याला आधी हे विचारावं.

पश्चिमेची भिंत अजून बाकी आहे. संध्याकाळी सातला तिला हात लावला तर चटका बसतो. आतून इन्सुलेशन केलं तर खोली तीन इंचांनी लहान होते, बाहेरून केलं तर शेजारच्या हद्दीत परांची उभी करावी लागते. सध्या भिंतीपासून एक फूट अंतरावर बांबूच्या काड्यांचा पडदा टांगला आहे आणि खोलीत थर्मामीटर लावून नोंदी चालू आहेत.